उरलेली लोकर संपत का नाही? नेहमीच्या अडचणी आणि त्यांवरचे उपाय

दिवाळीच्या साफसफाईत दिवाणातून लोकरीची पिशवी बाहेर निघते, घरातले कोणीतरी "हे अजून ठेवलंयस?" असे विचारते, या थंडीत सगळे गुंडे संपवायचे असा निश्चय होतो आणि संक्रांत उलटल्यावर तीच पिशवी, अर्धवट विणलेल्या दोन-तीन वस्तूंची भर पडून, पुन्हा दिवाणात जाते. विणकाम करणाऱ्या बहुतेक घरांत ही तक्रार दरवर्षी नव्याने उद्भवते. पुण्यात ती अधिक जाणवते, कारण इथे जाड स्वेटर अंगावर चढतो तो जेमतेम दीड-दोन महिने. त्यामुळे मोठे काही विणण्याचे प्रसंग थोडे आणि त्यांतून उरलेले गुंडे मात्र वर्षानुवर्षांचे. त्यांचे रंगही जवळजवळ ठरलेले असतात: शाळेच्या स्वेटरातून उरलेला गडद निळा आणि मरून, बारशाच्या सेटमधला फिका पिवळा आणि पांढरा, आणि केवळ मोह पडला म्हणून घेतलेला एखादा भडक राणी.

वेळ नाही, हे कारण सगळेच सांगतात आणि ते खोटेही नसते. तरीसुद्धा नोकरी, स्वयंपाक, मुलांचे क्लास आणि वडीलधाऱ्यांची औषधे सांभाळून दिवसाकाठी जी वीस-पंचवीस मिनिटे हाती लागतात, तेवढ्यांत वीतभर बाजूचा चौकोन आठ-दहा दिवसांत सहज होतो. अडते ते दुसरीकडे. कोणता गुंडा घ्यावा, त्याला कोणत्या नंबरची सुई लागेल आणि ही लोकर शेवटपर्यंत पुरेल का, हे तीन प्रश्न दर वेळी नव्याने सोडवण्यातच ती मिनिटे खर्ची पडतात. म्हणून एखाद्या रविवारी दुपारी बसून हे तिन्ही निर्णय सगळ्या गुंड्यांसाठी एकदाच घ्यावेत आणि प्रत्येक गुंड्याला तशी चिठ्ठी बांधून ठेवावी, हा या लेखातला मुख्य उपाय आहे. बाकीचे उपाय त्याला पूरक आहेत.

गुंड्याची ओळख हरवली आहे

वेष्टनाचा कागद बहुतेक वेळा पहिल्याच आठवड्यात हरवतो, आणि त्याबरोबर लोकरीची जाडी, घटक आणि धुण्याची पद्धत ही तिन्ही माहिती जाते. जाडी परत काढणे सोपे आहे. मोजपट्टीवर लोकर न ताणता, वेढ्याला वेढा लागेल अशी गुंडाळावी आणि अडीच सेंटिमीटरमध्ये किती वेढे बसतात ते मोजावे. सुमारे अकरा ते चौदा वेढे बसले तर ती डबल निटिंगच्या, म्हणजे मध्यम जाडीची आहे असे समजावे, पंधरा किंवा त्याहून जास्त बसले तर ४ प्लाय, म्हणजे बारीक लोकर किंवा त्याहूनही बारीक, आणि दहाच्या आत बसले तर जाड. गुंडाळताना धागा ओढला की आकडा चुकतो, तेव्हा दोनदा मोजणे बरे. ४ प्लायचे बरेच गुंडे असतील तर दोन पदर एकत्र घेऊन विणता येते. तसे केल्यास जाडी डबल निटिंगहून किंचितच अधिक होते आणि बारीक लोकरीचा ढीग दुप्पट वेगाने उतरतो.

घटक ओळखण्यासाठी बोटभर तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून पाहावा. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते, ज्योत दूर केली की बहुधा विझते आणि तिची राख बोटांत चुरडते. सुती धाग्याला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ करडी राख उरते. ॲक्रिलिक वितळते आणि त्याचा काळा, कडक मणी तयार होतो, जो थंड होईपर्यंत हाताळू नये. दोन्ही लक्षणे एकत्र दिसली तर धागा मिश्र आहे असे समजावे. आपल्याकडच्या पिशव्यांत निघणारी बहुतेक लोकर प्रत्यक्षात ॲक्रिलिक किंवा मिश्र असते, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मात्र एकाच वस्तूत खरी लोकर आणि ॲक्रिलिक मिसळू नये, कारण गरम पाण्यात आणि घासण्याने खरी लोकर आटते, ॲक्रिलिक आटत नाही, आणि पहिल्याच धुण्यानंतर वस्तूला सुरकुत्या आणि फुगे येतात.

सुयांच्या बाबतीत एक गोंधळ इतका वारंवार होतो की तो इथेच मिटवलेला बरा. आपल्याकडच्या सुयांवरचे क्रमांक जुन्या ब्रिटिश पद्धतीचे असतात आणि त्यांत आकडा वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५ आणि १२ नंबर म्हणजे २.७५. अमेरिकी पद्धत याच्या उलट चालते. तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. मोबाइलवर पाहिलेल्या नमुन्यात नुसते '८' लिहिले असेल आणि टोपी आजोबांऐवजी बाळाला बसली, तर दोष बहुधा इथे असतो. चिठ्ठीवर म्हणून नंबर न लिहिता मिलिमीटर लिहावेत. साधारणपणे ४ प्लायला ३ ते ३.२५ मिलिमीटरची आणि डबल निटिंगला ४ मिलिमीटरची सुई चालते.

लोकर मध्येच संपते

छोट्या वस्तू अर्धवट राहण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे, आणि याला उपाय म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. ४ प्लाय लोकर १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० ते ४०० मीटर भरते आणि डबल निटिंग २०० ते २५० मीटर. म्हणजे डबल निटिंगचा २० ग्रॅमचा गुंडा हाती असेल तर ४० ते ५० मीटर लोकर आहे असे धरून चालावे. वजन मोजले की लांबी कळते आणि लांबी कळली की काय विणता येईल ते कळते: दहा सेंटिमीटर बाजूचा, दोन्ही बाजूंनी सुलट विणलेला चौकोन सहा-एक ग्रॅम घेतो, वीतभर बाजूचा चौकोन २५ ग्रॅमच्या आसपास आणि नवजात बाळाची टोपी २० ते ३० ग्रॅम.

शेवटच्या काही ओळींचा प्रश्न वेगळा असतो, कारण तेव्हा गुंडा एवढासा उरतो आणि काट्यावर विश्वास ठेवता येत नाही. त्या वेळी विणीच्या रुंदीवरून हिशेब करावा. एका ओळीला साधारण विणीच्या रुंदीच्या तिप्पट धागा लागतो आणि टाके बंद करायला तिप्पट ते चौपट. उरलेला धागा विणीवर आडवा तीन-चार वेळा पुरून थोडा हातात राहत असेल तर टाके बंद करता येतील एवढेच समजावे. आणखी दोन ओळी विणायच्या असतील तर तो किमान दहा वेळा पुरला पाहिजे. विणण्याचा हात सैल असणाऱ्यांनी यात आणखी एक-दोन पट मिळवाव्यात.

मुळात असा हिशेब करावाच लागू नये अशी एक वीण आहे, आणि उरलेल्या लोकरीसाठी तिच्याइतकी सोयीची दुसरी मला माहीत नाही. हा चौकोन एका कोपऱ्यापासून तिरका वाढतो आणि समोरच्या कोपऱ्यात संपतो. चार टाके घालून एक ओळ सुलट विणावी. त्यानंतर प्रत्येक ओळीत पहिले दोन टाके सुलट विणून सुईवर धाग्याचा एक वेढा घ्यावा आणि उरलेले सगळे टाके सुलट विणावेत. अशा रीतीने दर ओळीला एक टाका वाढत जातो आणि कडेला जाळीची नाजूक किनार तयार होते. गुंड्याचे वजन निम्म्यावर आले की वाढवणे थांबवावे. तेथून प्रत्येक ओळीत एक टाका सुलट, मग दोन टाके एकत्र, मग धाग्याचा वेढा, मग पुन्हा दोन टाके एकत्र आणि बाकीचे सुलट असे विणत जावे, म्हणजे दर ओळीला एक टाका घटतो. सुईवर पुन्हा चार टाके उरले की ते बंद करावेत. गुंडा पंधरा ग्रॅमचा असो की चाळीस, चौकोन त्याच्या मापाचा होतो आणि लोकर कमी पडत नाही.

यात दोन काळज्या घ्याव्या लागतात. निम्मे वजन म्हणताना एक-दीड ग्रॅम राखून ठेवावेत, म्हणजे २४ ग्रॅमचा गुंडा १३ ग्रॅमवर आल्यावरच घटवायला सुरुवात करावी. दुसरी अडचण काट्याची आहे: घरगुती काटा एका ग्रॅमच्या टप्प्याने मोजतो, त्यामुळे दहा ग्रॅमच्या आतल्या गुंड्याला तो उपयोगाचा नाही. अशा वेळी लोकर पूर्ण उलगडून दोन्ही टोके एकत्र धरावीत, दुहेरी धागा ओढत जाऊन मध्य गाठावा आणि तिथे दुसऱ्या रंगाचा दोरा सैलसर बांधून पुन्हा गुंडा करावा. विणताना तो दोरा हाताशी आला की निम्मी लोकर संपली. ही युक्ती काट्याहून अचूक आहे, फक्त ती घरात मांजर नसताना करावी.

वीस मिनिटांत हाती काही लागत नाही

हा दोष नमुन्याच्या निवडीचा असतो. ज्या विणीत ओळींची संख्या लक्षात ठेवावी लागते, ती वीण कुकरच्या शिट्ट्यांच्या मध्ये किंवा क्लासच्या बाहेर मुलांची वाट पाहताना चालत नाही, कारण पुन्हा हातात घेतल्यावर आपण कुठे होतो हे शोधण्यात अर्धा वेळ जातो. उरलेल्या लोकरीसाठी अशाच विणी घ्याव्यात ज्यांच्याकडे पाहून आपण कुठे आहोत हे कळते. वर सांगितलेला चौकोन तसाच आहे: टाके वाढत आहेत की घटत आहेत हे आकारावरूनच दिसते. दोन्ही बाजूंनी सुलट विणलेल्या पट्टीत दोन ओळींची एक उभारलेली रेघ तयार होते, तेव्हा रेघा मोजल्या की ओळी मोजल्या जातात. एक सुलट, एक उलट अशी बॉर्डरची वीणही चालते. केबल, पाने, जाळीची फुले या विणी मात्र सुट्टीसाठी ठेवाव्यात.

ओळीच्या मध्यावर काम कधीही ठेवू नये. मधले टाके ताणले जातात, सुईवरून एखादा निसटतो आणि परत हातात घेताना दिशा चुकून वीण उलटी फिरते. दूध उतू जात असेल तर गोष्ट वेगळी, पण फोन वाजला म्हणून ओळ सोडायची गरज नाही.

सामान एकत्र असणे याहूनही महत्त्वाचे आहे. एका छोट्या चेनच्या पिशवीत एकच गुंडा, त्याच्या मापाची सुई, छोटी कात्री आणि मोठ्या नेढ्याची बोथट सुई एवढेच असावे. दुसरा गुंडा 'असू दे' म्हणून त्यात टाकू नये. रंगांची निवड पुन्हा तिथूनच सुरू होते. वनाजहून रामवाडीकडे जाणाऱ्या मेट्रोत बसायला जागा मिळाली तर चार-सहा ओळी नक्की होतात, पण लांब सरळ सुयांची टोके शेजारच्याला लागतात आणि गाडी थांबताना टाके सुटतात, म्हणून प्रवासाला वायरने जोडलेली गोल सुई घ्यावी. सपाट तुकडाही तिच्यावर नेहमीसारखा पुढे-मागे विणता येतो, आणि काम ठेवताना टाके वायरवर सरकवले की निसटत नाहीत.

टोके लपवायचा कंटाळा येतो

दहा रंग वापरले की वीस टोके लोंबतात, आणि विणून झालेल्या पण टोके न लपवलेल्या वस्तू पिशवीत तशाच पडून राहतात. याला एकच इलाज आहे: टोके शेवटी लपवू नयेत. रंग बदलताना नव्या आणि जुन्या धाग्याची चार-चार बोटे लांबीची टोके मागे धरावीत आणि पुढचे आठ-दहा टाके विणताना दर टाक्याला ती कामाच्या धाग्याखालून-वरून अडकवत जावीत. ओळ पूर्ण होईपर्यंत ती विणीत बसलेली असतात. रंग नेहमी एकाच कडेला बदलावा, म्हणजे राहिलीच तर सगळी टोके एका बाजूला राहतात आणि त्यांवरून क्रोशाची एक ओळ फिरवली की झाकली जातात.

खरी लोकर असेल तर दोन्ही टोकांचा पीळ सोडवून, पदर एकमेकांत गुंतवून, ओलसर तळहातांवर जोरात चोळल्यास ती एकजीव होतात आणि गाठ लागतच नाही. ॲक्रिलिकवर आणि सुती धाग्यावर ही युक्ती अजिबात चालत नाही, तसेच मशीनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेल्या लोकरीवरही चालत नाही. ॲक्रिलिकची साधी गाठ गुळगुळीत असल्याने धुण्यात सुटते. गाठ मारायचीच असेल तर दोन्ही टोके किमान बोटभर ठेवून विणीत खोचावीत.

बाळाचे पायमोजे आणि हातमोजे यांच्या बाबतीत मी फार काटेकोर आहे. आतल्या बाजूला सुटा धागा किंवा मागे लांब वेढे सोडणारी दोन रंगांची नक्षी ठेवू नये. असा धागा बाळाच्या पायाच्या किंवा हाताच्या बोटाभोवती आवळला जाऊन रक्तपुरवठा थांबू शकतो, आणि बाळ रडते आहे ते कशाने हे मोजा काढेपर्यंत कळत नाही. उरलेल्या लोकरीच्या पट्ट्यापट्ट्यांचे मोजे दिसायला गोड असतात, पण या वस्तूसाठी एकच रंग वापरावा आणि वापरण्याआधी मोजा उलटा करून पाहावा.

वस्तू पुरी होते, पण विटकी दिसते

सगळे रंग एकत्र आले की कोणताच उठून दिसत नाही. पिशवीतल्या रंगांना बांधून ठेवणारा एक रंग मुद्दाम विकत आणावा, ही सूचना ढीग कमी करायला निघालेल्यांना विचित्र वाटेल, पण तुळशीबाग-लक्ष्मी रस्त्याच्या परिसरातून आणलेला राखाडी, मोतिया किंवा काळा असा एक मोठा गुंडा उरलेले दहा छोटे गुंडे मार्गी लावतो. दोन ओळी उरलेल्या रंगाच्या आणि दोन ओळी या मुख्य रंगाच्या, असे आलटून पालटून विणले की भडक राणीसुद्धा सभ्य दिसतो. गडद आणि फिका कोणता हे डोळ्यांना ठरवता येत नसेल तर गुंडे ओळीने मांडून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढावा. फोटोत सारखेच करडे दिसणारे दोन रंग शेजारी घेऊ नयेत.

काय विणावे हे ठरत नाही

संक्रांतीच्या हळदी-कुंकवाचे वाण हे याचे चांगले उत्तर आहे, कारण त्याला तारीख असते आणि आकडाही. दिवाळीनंतर सुरुवात केली तर सुमारे दोन-अडीच महिने मिळतात आणि पेल्याखाली ठेवायच्या सहा-सहा ग्रॅमच्या चकत्या किंवा चौकोन आठवड्याला दोन-तीन सहज होतात. ज्यांच्याकडे शंभर बायका येतात त्यांनी मात्र वाण विकतच आणावे. ॲक्रिलिकची भांडी घासायची घासणीही उत्तम होते. धागा पाणी फारसे धरत नसल्याने ती लवकर वाळते.

गरम भांडी उचलायच्या फडक्यांसाठी मात्र ॲक्रिलिक वापरू नये. तापलेल्या कढईच्या कडेला ते वितळते आणि हाताला चिकटते. तिथे सुती धागाच हवा, आणि तोही दुहेरी थराचा, कारण विणीच्या भोकांतून चटका बसतो.

पुण्यात ज्या वस्तूचा हमखास उपयोग होतो ती म्हणजे सकाळी दुचाकीवरून निघणाऱ्यासाठी कानपट्टी. ४ प्लाय लोकरीची, तीन-साडेतीन इंच रुंद, बॉर्डरच्या विणीत विणलेली पट्टी डोक्याच्या घेरापेक्षा थोडी आखूड ठेवून जोडावी. जोड जाड झाला तर हेल्मेटखाली तो टोचतो, म्हणून टोके शिवताना एकावर एक न ठेवता समोरासमोर धरून जोडावीत. जाड लोकरीची पट्टी हेल्मेटखाली घालू नये; तिच्यामुळे हेल्मेट डोक्यावर घट्ट बसत नाही.

पिशवीला वास येतो, धागा तुटतो

पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या लोकरीला दमट वास येतो, आणि खऱ्या लोकरीला कसरही लागते. कसरीच्या अळ्या लोकर खातात. निव्वळ ॲक्रिलिक आणि सुती धाग्याकडे त्या सहसा वळत नाहीत, म्हणून खऱ्या लोकरीचे गुंडे वेगळे ठेवावेत. धागा ठिकठिकाणी तुटत असेल तर तो गुंडा पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवावा, बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा आणि मग झटकून वापरावा. एरवी सुती पिशवी, कोरडी जागा आणि वाळवलेला कडुनिंबाचा पाला किंवा डांबराच्या गोळ्या यांवर भागते. बाळासाठी विणायची लोकर डांबराच्या गोळ्यांत ठेवू नये; ठेवली असल्यास वस्तू विणून झाल्यावर धुऊन, वास जाईपर्यंत वाऱ्यावर ठेवावी.

गुंडे पुन्हा बेनाव होऊ नयेत यासाठी मोठी वस्तू पुरी झाली त्याच दिवशी उरलेली लोकर काट्यावर ठेवावी आणि चिठ्ठीवर वजन, जाडी, घटक, सुईचे मिलिमीटर आणि त्यातून काय विणायचे हे लिहून ती चिठ्ठी धाग्याच्या टोकाला बांधावी. पाच ग्रॅमच्या खाली उरलेल्या लोकरीला चिठ्ठी लिहू नये. तिचे बोटभर तुकडे करून टाक्यांच्या खुणेसाठी एका डबीत ठेवावेत.